पांढरा हौसेरावी

१

मे महिन्याच्या सुट्टीत कॉलेज ओस पडायचं. वाशीच्या त्या तीन मजली इमारतीत गेटवरचा वॉचमन आणि प्राणिशास्त्राच्या खोलीतला मारोती, एवढे दोघेच काय ते कामावर. कागदोपत्री मारोती प्रयोगशाळा परिचर होता. मुलं त्याला मारोतीमामा म्हणत, प्राध्यापक 'अरे मारोती' म्हणत आणि पाहुणा आला की 'आमचा शिपाई' म्हणत. वीस वर्षं झाली होती. माणूस पन्नाशीला टेकला तरी ते 'अरे' काही सुटलं नव्हतं.

सुट्टीतलं त्याचं काम ठरलेलं होतं. पावसाळ्याआधी कीटकांच्या सगळ्या पेट्या उघडायच्या, जुन्या डांबरगोळ्या काढून नव्या घालायच्या, बुरशी धरली असेल तर ब्रशने झाडायची. फुलपाखरं, भुंगे, चतुर आणि शेवटच्या सहा पेट्या सिकाडांच्या. लोक सिकाडाला सरसकट रातकिडा म्हणतात, ते मारोतीला मुळीच खपायचं नाही. रातकिडा अंधारात ओरडतो, हा भर उन्हात. उन्हाळ्यात डोंगराच्या अंगाने करवत चालल्यासारखा जो आवाज येतो, तो ह्याचा. पोटाच्या वरच्या टोकाला दोन बाजूंना ढोलकीसारखे दोन पडदे असतात, ते आत-बाहेर करून नर ओरडतो. मादीला आवाज नसतो.

कुठला सिकाडा कुठल्या जातीचा, हे ओळखण्यात मारोतीचा हात धरणारं त्या कॉलेजात कोणी नव्हतं. डोक्याची रुंदी बघायची, पंखांच्या कडेला शिरांनी किती खाने पडलेत ते मोजायचे, पाठीवरची नक्षी बघायची, मग उलटा करून पोटाखालची दोन झाकणं बघायची, गोल आहेत की टोकदार, चिकटलेली की सुटी. दहावी नापास माणूस, पण एम.एस्सी.ची पोरं त्याच्याकडे तुटका पंख घेऊन यायची आणि नाव घेऊन जायची. ते नाव वहीत उतरायचं आणि खाली सही व्हायची ती विभागप्रमुख राजेश्वरी मॅडमची.

त्या सोमवारी त्याने सिकाडांची चौथी पेटी उघडली. तिच्यात मधोमध, पुठ्ठ्याची वेगळी चौकट करून, एकटा पांढरा हौसेरावी टोचलेला होता. कॉलेजची सगळी शान ती तेवढीच. त्या जातीचा जगातला एकुलता एक नमुना. अंगठ्याएवढा, हस्तिदंती पांढरा, पंखांच्या शिरा फिक्या हिरव्या.

मारोतीने गोळी बदलली, झाकण लावायला घेतलं आणि हात थांबला. हौसेरावीच्या खांद्यांवर दोन तपकिरी डाग होते. गेल्या वर्षी ते नव्हते.

२

अकरा वर्षांपूर्वी तो किडा मारोतीनेच आणला होता. मारोती राहायचा दिघ्याला. पुढे कारखाने, मागे डोंगर. मे महिन्यात उजाडता उजाडता तो डोंगरात चक्कर मारायचा आणि वर्गासाठी काय मिळेल ते बरणीत घालून आणायचा. सिकाडाचं पिल्लू वर्षानुवर्षं जमिनीखाली मुळांचा रस पीत राहतं. मग एकदा वर येतं, झाडाच्या सालीत नखं रोवतं, त्याची पाठ उभी फाटते आणि आतून पंखवाला सिकाडा निघतो. निघतो तेव्हा पांढराफटक आणि लोण्यासारखा मऊ असतो. रंग चढायला दिवस जातो. त्याआधी त्याला बोटसुद्धा लावायचं नसतं. हे मारोतीला कुठल्या पुस्तकाने शिकवलेलं नव्हतं.

तसाच एक कोवळा त्याने बरणीत घालून टेबलावर ठेवला होता. मॅडम आल्या आणि त्यांचे डोळे चमकले. त्यांना त्या दिवशी पुण्याला परिषदेला जायचं होतं आणि न्यायला हातात काही नव्हतं.

"हा कुठे मिळाला रे?"

"डोंगरात, मॅडम. पर लई कवळा हाय. उद्यापोतर रंग येऊ द्या, मंग कळंल. मला तर आपला नेहमीचाच वाटतोय."

"रंग आलेलाच आहे. असा पांढरा सिकाडा कुठेच नोंदलेला नाही. पिन कर."

"जित्ता हाय अजून. मारायच्या बाटलीतलं औषध संपलंय."

"माझी साडेअकराची गाडी आहे, मारोती. मी सांगते ना, पिन कर."

त्याने पिन केला. पिन मऊ लोण्यात जावी तशी गेली. किड्याने बारीक कर्रर आवाज केला आणि त्याच्या बोटांच्या चिमटीत बराच वेळ पाय हलवत राहिला. मॅडम तोवर पर्समध्ये तिकीट शोधत होत्या.

पुढचं सगळं झपाट्याने झालं. लेख छापून आला, सत्कार झाला, वर्तमानपत्रात फोटो आला. नव्या जातीला मॅडमनी आपल्या वडिलांचं नाव दिलं. साताऱ्याकडचे मोठे बागायतदार हौसेराव, ज्यांनी आयुष्यात कधी किडा चिरडण्यापलीकडे त्याच्याकडे पाहिलं नसेल, ते असे अजरामर झाले. किड्याखाली टोचलेल्या चिठ्ठीवर 'संग्राहक' म्हणूनही मॅडमचंच नाव लागलं. मारोतीला त्यांनी शब्द दिला होता, तुला प्रयोगशाळा सहाय्यक करते. पहिल्या वर्षी जागा निघाली नाही, दुसऱ्या वर्षी तो नियमात बसला नाही, तिसऱ्या वर्षी त्याने विचारणं सोडून दिलं. मूग गिळून बसला, आणि ते मूग अकरा वर्षं त्याच्या पोटात जळत राहिले.

आता त्याच जागेवर त्याची मुलगी पायल हंगामी लागली होती. बी.एस्सी. झालेली, हुशार पोरगी. जूनपासून तिला कायम करायचं होतं, आणि त्या पत्रावर सही लागणार होती राजेश्वरी मॅडमची.

३

बुरशी असेल, असं मारोतीने ठरवलं. खाडीची हवा खारी, इमारतीच्या भिंतींना पापुद्रे धरतात, तिथे मेलेल्या किड्याला डाग पडला तर नवल काय. त्याने ब्रश फिरवला, डाग गेले नाहीत. भिंग लावून पाहिलं. दोन्ही डाग एका मापाचे, एका आकाराचे, दोन्ही खांद्यांवर अगदी समोरासमोर. बुरशी अशी मोजूनमापून येत नाही.

मंगळवारी त्या डागांच्या मध्ये एक नागमोडी रेघ होती. बुधवारी पंखांच्या मुळाशी काळपट हिरवा रंग आला होता. ती नक्षी मारोतीला तोंडपाठ होती. दिघ्याच्या मागे दर उन्हाळ्यात झाडाझाडावर शेकड्यांनी बसतो त्या साध्या सिकाडाची. म्हणजे अकरा वर्षांपूर्वी तो बोलला ते खरं होतं. आणि जो रंग एका दिवसात चढायचा, तो मध्येच अडकून राहिला होता आणि आता चढत होता.

मेलेल्याला रंग चढत नाही. हे त्याने स्वतःला आधी मनात सांगितलं, मग मोठ्याने सांगितलं. रिकाम्या खोलीत स्वतःचाच आवाज ऐकून त्याला कसंसंच झालं.

पण खोटं कशाला बोला, भीतीच्या आधी त्याला बरं वाटलं होतं. पेटीवर वाकून तो चक्क हसला होता. अकरा वर्षांनी का होईना, कोणीतरी मॅडमना तोंडघशी पाडणार होतं.

संध्याकाळी घरी चहा पिताना त्याने पायलला विचारलं, "मेलेल्या किड्याचा रंग बदलतो काय गं?"

"उडतो ना. जुना झाला की फिका पडतो."

"उडत नाय. चढतोय."

पायलने कप खाली ठेवला. "बाबा, तुमी हौसेरावीबद्दल बोलताय ना? परत तेच काढू नका हां. पुढच्या आठवड्यात ते दिल्लीचे एक्स्पर्ट येणार, तो किडा बघणार, मग मॅडम माझ्या लेटरवर सही करणार. आता मला काय टेन्शन नको."

"म्या कुठं काय म्हनलं?"

"म्हणायला कशाला पायजे? तुमचं तोंड दिसतं ना."

जाईबाई भाकरी थापत होती. नवऱ्याकडे मान न वळवता ती म्हणाली, "पोरीचं व्हऊ द्या आधी. तुमचं ऱ्हायलं तर ऱ्हायलं."

उरलेला चहा मारोतीने एका घोटात संपवला.

४

गुरुवारी त्याने ठरवलं, सोक्षमोक्ष लावायचा. पेटी खिडकीशी नेली, भिंग लावलं आणि एखादा अनोळखी किडा समोर यावा तसा तो पहिल्यापासून सुरू झाला.

डोकं खांद्यांइतकं रुंद. बरोबर. पोटाखालची झाकणं गोल आणि सुटी. बरोबर. पंखाच्या कडेचे खाने आठ.

नऊ.

त्याने परत मोजले. मग पेन्सिलीच्या टोकाने एकेक दाखवत मोजले. नऊ. दुसऱ्या पंखावरही नऊ. सहाही पेट्यांतले बाकीचे सगळे सिकाडा त्याने पाहिले, एकालाही नऊ नव्हते. मग तो डोक्याकडे आला. सिकाडाला दोन मोठे डोळे असतात आणि त्यांच्या मध्ये तीन बारीक लाल डोळे, मण्यांसारखे. इथे चार होते. चौथा थोडा खाली, अजून पुरता लाल न झालेला.

साधा सिकाडा म्हणजे हा नव्हे. साध्या सिकाडापर्यंत येऊन हा थांबलाच नव्हता, तसाच पुढे निघाला होता.

मारोतीने जुनी नोंदवही काढली. त्याच्याच अक्षरात लांबी लिहिलेली होती, एकतीस मिलिमीटर. पट्टी लावली तर पस्तीस भरली. पंख फुटलेला किडा वाढत नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं. पट्टी काढताना त्याचं लक्ष पायांकडे गेलं. पाय त्याने स्वतः नीट पसरून वाळवले होते. पुढचे दोन्ही पाय आता आत वळले होते आणि नखं पेटीच्या बुडाला लावलेल्या बुचात रुतली होती. त्याने पिन हलकेच वर ओढली, तर पिनेबरोबर बूचही वर येऊ लागलं. त्याने पिन सोडून दिली.

दुपारी तीनच्या सुमारास खोलीत आवाज झाला. टक. पत्र्याच्या डबीचं झाकण अंगठ्याने दाबावं तसा. एकदाच. लाकडी कपाटं उन्हाने तडकतात, मारोतीला हे माहीत होतं. वीस वर्षं तो त्या कपाटांचे आवाज ऐकत आला होता. तरी पाच वाजेपर्यंत तो भिंतीला पाठ लावून स्टुलावर बसून राहिला. पेटीकडे पाठ करायची त्याची हिंमत झाली नाही.

शुक्रवारी किड्याच्या पाठीवर एक बारीक उभी रेघ दिसू लागली, मानेपासून खाली, पट्टीने आखल्यासारखी. ही रेघ त्याने हजार वेळा पाहिली होती. पण ती पिल्लाच्या पाठीवर असते, जो कात टाकणार आहे त्याच्या. पंख आले की कात टाकणं संपतं. पंखांच्या पुढे सिकाडाला काही व्हायचंच उरत नाही.

मग ह्याच्या आत काय तयार होत होतं, हा प्रश्न मारोतीच्या मनात आला आणि त्याने तो तिथेच सोडून पेटीला कुलूप लावलं.

५

शनिवारी मॅडम आल्या. दिल्लीचे तज्ज्ञ बुधवारी यायचे होते. देशभरच्या सिकाडांची यादी ते नव्याने करत होते आणि प्रत्येक जातीचा मूळ नमुना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा त्यांचा हट्ट होता. मॅडमनी पेटी उघडायला लावली, वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"तू काय लावलंस ह्याला?"

"काय न्हाई लावलं. आपुआप व्हायलंय. सोमवारपासनं. मॅडम, नुसता रंग न्हाई, पंखाचे खाने मोजा तुमी, आन् पाठीवर..."

"मला पंख शिकवू नकोस." त्यांनी झाकण बंद केलं. त्यांना नक्षी तेवढी दिसली होती आणि तेवढी पुरेशी होती. बाई मूर्ख नव्हत्या. तो साधा सिकाडा आहे हे त्यांना आज कळलं की अकरा वर्षांपूर्वीच कळलं होतं, हे मारोतीला त्यांच्या तोंडावरून ओळखता आलं नाही. किडे ओळखणं सोपं होतं.

मग मॅडम एकदम मऊ आवाजात म्हणाल्या, "डोंगरात अजून मिळतात ना रे? कोवळे?"

त्यांना काय हवंय ते त्यांनी वाक्य संपवायच्या आत मारोतीला कळलं होतं.

"पायलचं पत्र टाइप करून तयार आहे," मॅडम म्हणाल्या. "माझ्या ड्रॉवरमध्ये. सही तेवढी राहिली आहे. चांगली मुलगी आहे तुझी. तिचं व्हावं असं मला मनापासून वाटतं."

अकरा वर्षं मारोतीने ह्या क्षणासाठी वाक्यं घोकली होती. बसमध्ये, न्हाणीघरात, पेट्या पुसताना. मॅडमना काय काय सुनवायचं, कुठल्या शब्दात सुनवायचं, सगळं पाठ होतं. तो क्षण आला आणि तोंडातून निघालं ते एवढंच, "एक आनू, मॅडम, का दोन?"

"एक पुरे. दोन असले तर लोक प्रश्न विचारतात."

"आन् ह्यो जुना?"

"जाळून टाक. मला परत दिसता कामा नये."

६

रविवारी उजाडल्याबरोबर तो डोंगरात गेला. पाव तासाच्या आत कोवळा सिकाडा मिळाला. तो आपल्या फाटक्या कातेला धरून लोंबकळत होता, पंख अजून ओलसर होते. सहज मिळाला ह्याचाच मारोतीला राग आला. निदान शोधायला तरी लागावं.

ह्या खेपेला मारायची बाटली भरलेली होती. त्याने किड्याला अर्धा तास आत ठेवला. तरी पिन जाताना पाय हलले. नसा असतात, मेल्यावरही हलतात, असं तो पुटपुटला. जुनी चिठ्ठी नव्याच्या खाली लावली. तेच गाव, तीच तारीख, तेच संग्राहक. मग जुन्याला हात घातला.

त्याच्या नखांतून बूच सुटेना. शेवटी ब्लेडने भोवतीचं बूच कापून काढावं लागलं. वाळलेला सिकाडा हातावर घेतला तर जाणवतही नाही, पण ह्याला वजन होतं. आणि तो किंचित कोमट होता. खोलीच बंद होती, मे महिना होता, सगळंच कोमट होतं.

त्याने गॅसचा बर्नर पेटवला. निळ्या ज्योतीपाशी हात नेला. टक. ह्या वेळी कपाट लांब होतं आणि आवाज तळहातावर झाला होता.

बर्नर त्याने विझवला. ज्याला जिवंत टोचलं त्याला आता जिवंत जाळायचं, हे त्याच्याने होईना. दया म्हणावी तर तीही उशिरा सुचलेली. खोलीत चहाचा रिकामा डबा होता. बुचासकट किडा त्याने त्यात ठेवला, झाकण दाबून बसवलं, वरून सुतळीने तीन वेढे घेऊन गाठ मारली आणि डबा पिशवीतून घरी नेला. उद्या डोंगरात नेऊन पुरू, असं तो म्हणाला. उद्या आला तेव्हा परवा म्हणाला.

दिघ्याच्या त्या खोलीला एक फळकुटांचा माळा होता. डबा त्याने ट्रंकेमागे सरकवून दिला. माळ्याच्या खाली पंख्याचा वारा चांगला लागतो म्हणून दुपारी पायल तिथेच चटई टाकून झोपायची. हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं नाही. निदान लक्षात आलं नाही, असं त्याने पुढे स्वतःला सांगितलं.

७

बुधवारी तज्ज्ञ आले. किरकोळ अंगाचे, बोलायला सौम्य. पाव तास त्यांनी नव्या कोवळ्या सिकाडाकडे भिंगातून पाहिलं. पायल नोंदींचे कागद धरून बाजूला उभी होती, मारोती चहाचा ट्रे धरून दाराशी. अकरा वर्षांचा जुना नमुना इतका ताजा कसा राहिला ह्याचं त्यांना फार कौतुक वाटलं. कोणी टोचलाय, हात फार नाजूक आहे, असं ते म्हणाले.

"मीच," मॅडम म्हणाल्या.

मारोतीने चहा दिला. त्याला वाटलं होतं छातीत काहीतरी उसळेल, पण काहीच उसळलं नाही. विकलेल्या वस्तूवर कसला राग धरायचा.

पत्रावर सही झाली. संध्याकाळी पायल पेढे घेऊन आली, चाळीत वाटले, जाईबाईने पहिला पेढा बुद्धाच्या तसबिरीपुढे ठेवला. पायल त्याच्या पाया पडायला वाकली, आणि इतकी आनंदात होती की त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. ह्या एका गोष्टीसाठी केलं ते सगळं केलं, असं त्याला त्या वेळी खरंच वाटलं. सोमवारी तिला कायम म्हणून हजर व्हायचं होतं.

गुरुवारी त्याची सुट्टी होती. भर दुपारी घरात कोणी नसताना त्याने डबा खाली काढला. सुतळी जशीच्या तशी होती, गाठ त्याच्याच हातची. झाकण इतकं घट्ट बसलं होतं की चमच्याच्या दांड्याने उचकटावं लागलं.

आत बूच होतं, पिन होती आणि पिनेवर कात होती. पारदर्शक, कांद्याच्या पापुद्र्यासारखी, नखांनी बूच धरून बसलेली. सिकाडाची कात त्याने गोण्यांनी पाहिली होती, पण त्या कातेला पंख नसतात. हिला पंखांचीही कात होती. एकेक शीर, एकेक खाना तिच्यात उतरला होता. पाठ मानेपासून खालपर्यंत सरळ फाटलेली होती आणि आत काही नव्हतं.

डब्याला भोक नव्हतं. त्याने तळ दाबून पाहिला, झाकण उजेडाकडे धरून पाहिलं. मग ट्रंक हलवली, फळकुटांच्या फटी चाचपल्या, गोधड्या झटकल्या. काही सापडलं नाही. सापडलं असतं तर त्याचं काय केलं असतं हेही त्याला ठाऊक नव्हतं. खाली चटईवर पायलची उशी होती. ती त्याने दोनदा उलटून पाहिली.

कात आणि डबा त्याने डोंगरात नेऊन पुरले. आता ते जमलं.

८

रविवारी दुपारी जाईबाई शेजारच्या सखूकडे पापड लाटायला गेली होती. मारोती दारात बसला होता. मागच्या डोंगरात सिकाडांनी रान उठवलं होतं. पायल खिडकीशी उभी राहून ते ऐकत होती. अलीकडे ती अशी उभी राहायची. दोन दिवस बोलणंही कमी झालं होतं. नवी जबाबदारी, म्हणून असेल, असं जाईबाई म्हणायची.

"बाबा," ती म्हणाली, "जरा बघा ना, माझ्या पाठीला काय आलंय. आईला सांगायचं राहूनच जातं. नुसतं ओढल्यासारखं होतं, आणि हात पोचत नाय."

ती त्याच्यासमोर पाठमोरी बसली. वेणी पुढे घेतली आणि गाऊनची कॉलर मानेखाली बोटभर ओढली.

मारोतीने पाहिलं.

रेघ मानेच्या मणक्यापासून सुरू होत होती. केसाएवढी बारीक, फिकट तपकिरी आणि सरळ. तशी सरळ रेघ अंगावर ओरखड्याने उठत नाही, खाजवून उठत नाही. ती कॉलरच्या खाली गेली होती आणि पुढे कुठवर गेली असेल हे त्याला न बघताही सांगता आलं असतं. तिच्या दोन्ही अंगांची कातडी ताणलेली होती, किंचित चकाकत होती. खांद्यांच्या बाजूला, समोरासमोर, एका मापाचे दोन डाग होते.

भिंग त्याच्या सदऱ्याच्या खिशात होतं. वीस वर्षांत कुणी काही पुढे धरलं आणि त्याने नाव सांगितलं नाही, असं कधी झालं नव्हतं.

"काय आहे?" पायलने विचारलं. "डॉक्टरला दाखवू का? पण उद्या पहिलाच दिवस आहे. मॅडम काय म्हणतील?"

डॉक्टर काय सांगणार, हे त्याला कळत होतं. काही सांगणार नाही. आणि पोरगी एकदा का घाबरली, एकदा का रजेवर बसली, तर जागा जाईल. ज्यासाठी हे सगळं केलं ती जागा जाईल. आणि त्याने खरं नाव तोंडातून काढलंच, तर त्याच्या आधीचं सगळंही काढावं लागेल. टोचला कोणी, कोणाच्या सांगण्यावरून, आणि आणून ठेवला कुठे.

"घामोळं हाय," मारोती म्हणाला.

"एवढंच?"

"एवढंच. उन्हाळा हाय. पावडर लावतो, बस."

कोनाड्यातून त्याने पावडरचा डबा घेतला, तळहातावर ओतली आणि तिच्या मानेवर, रेघेवरून हलक्या हाताने पसरवली. कातडी कोमट होती. तळव्याखाली, आत, काहीतरी सावकाश एका अंगावर वळलं, झोपेत माणूस कूस बदलतो तसं, आणि पुन्हा स्थिर झालं. मारोतीने हात काढला नाही. आणखी थोडी पावडर घेतली.

"बरं वाटतंय," पायल डोळे मिटून म्हणाली.

"जरा पड मंग," तो म्हणाला. "पालथी झोप. उद्या साडेनवाला हजर व्हायचंय तुला."